स्लॅबखालचं ऊन

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, आणि खोटं कशाला बोलू, वाचून झाले की हसतो. पांढऱ्या साडीतली बाई, पुलावरचा म्हातारा, मागून हाक मारणारं कुणीतरी... बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मग दोघं मिळून हसतो. आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती आतून म्हणाली, "आता लोक तुमाला हसतील बगा!" हसू द्या. माझ्या अनुभवात भूत नाही, किंकाळी नाही, अमावास्या नाही. एक फरशी आहे. आणि जे काही झालं ते सगळं दिवसाउजेडी झालं.

मी परभणीत बांधकामाची कंत्राटं घेतो. वास्तुशास्त्रावर माझा काडीचा विश्वास नाही, पण त्याच्या जिवावर पोट मात्र भरपूर भरलंय. चांगला बांधलेला संडास फोडून वायव्येला न्या, जिना उलटा फिरवा, ईशान्येची टाकी बुजवा आणि पुन्हा ईशान्येलाच खणा, कारण दुसरा वास्तुवाला म्हणाला म्हणून! एकदा एक जण मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन साइटवर आला. शेजारी सळ्यांचा ढीग. त्याची सुई गरगर फिरायला लागली, तर पठ्ठ्या मान हलवून म्हणतो कसा, "जागेत दोष आहे." अरे बाबा, दोष जागेत नाही, दोन टन लोखंड पडलंय तुझ्या पायापाशी!

गिऱ्हाइकांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती ब्रह्मस्थानाची. म्हणजे घराचा बरोबर मधला भाग. शास्त्र म्हणतं तिथं खांब नको, भिंत नको, जड वस्तू नको, आणि जमलंच तर वरून आभाळ दिसू द्या. म्हणून वसमत रोडला स्वतःचं घर बांधलं तेव्हा मी या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून बरोबर मधोमध जेवणाचं टेबल ठेवलं. सहा खुर्च्यांचं, अस्सल सागवानी, चार गडी लागतात हलवायला. वर स्लॅब. स्लॅबवर भाडेकरूचा मजला, त्याच्यावर पुन्हा स्लॅब आणि मग गच्ची. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता ताडकळसचं घर सांगतो. माझा जन्म तिथला.

ते काही मोठं घर नव्हतं. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर माती टाकून केलेलं सपाट छप्पर. मधली खोली तेवढी ऐसपैस. तिच्या माळवदाला मधोमध उजेडासाठी एक गोल झरोका ठेवलेला होता. आमचे वडील – त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो – सांगायचे, की त्यांच्या वडिलांनी घर बांधायला काढलं तेव्हा आधी मोकळ्या जागेत मधोमध एक खुंटी रोवली. सकाळी तिची सावली कुठं पडते, संध्याकाळी कुठं पडते ते बघून पूर्व-पश्चिम धरली आणि मग भिंती आखल्या. ती खुंटी जिथं होती, त्याच्या बरोबर वर तो झरोका.

त्या झरोक्यातून ताटाएवढं ऊन खाली यायचं. सकाळी ते पश्चिमेच्या भिंतीवर असायचं, मग उतरून रांजणापाशी, दुपारी खोलीच्या मध्यावर आणि कलता कलता पूर्वेला कणगीकडं. थंडीत जरा उत्तरेनं जायचं, देवाच्या अंगानं. उन्हाळ्यात अगदी मधून. माय त्या उन्हात बसून डाळ निवडायची. ऊन सरकलं की तीही सूप घेऊन सरकायची. घरात जे लेकरू तान्हं असेल त्याला तेल लावून तिथंच निजवायची. आम्ही सगळी भावंडं त्या ताटाएवढ्या उन्हात वाढलो म्हणा ना. उन्हाच्या झोतात धुळीचे कण नाचायचे, मी ते मुठीत धरायचो आणि पळत जाऊन मायपुढं मूठ उघडायचो. "आरं, उडालं की!" म्हणून ती हसायची. दरवेळी तेवढंच हसायची.

भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. "ऊन रांजणाला लागलं, शाळेला पळ," असं चालायचं सगळं.

पावसाळ्याआधी मिरगाच्या तोंडाला माय शिडी लावून माळवदावर चढायची आणि झरोक्यावर एक फुटकं घमेलं पालथं घालून कडेनं चिखल लिंपायची. मग पाऊसकाळभर घरात अंधार. ते घमेलं ती दसरा काढायच्या दिवशी काढायची. आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी सगळं घर धुऊन-सारवून घेतात, गोधड्या-वाकळा नदीला नेतात, त्याला दसरा काढणं म्हणतात. आम्ही पोरं खाली, डोकी वर करून उभी. वरनं मायचा आवाज यायचा, "सरका रं, डोळ्यात माती जाईल!" आणि मग खर्रकन घमेलं सरकायचं आणि ऊन एकदम आमच्या तोंडावर. मला तो दिवस दिवाळीपेक्षा आवडायचा.

आण्णांचे डोळे काचबिंदूनं गेले. बाजूबाजूनं दिसायचं कमी होत गेलं, आम्हाला आणि त्यांनाही कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. पण गंमत सांगतो, त्या घरात ते आंधळे आहेत हे पाहुण्याला मुद्दाम सांगावं लागायचं. अनवाणी मधल्या खोलीत यायचे, तळव्यानं ऊन चाचपायचे, किती वाजले ते ओळखायचे आणि तिथून सरळ चूल, सरळ देव, सरळ दार. काठीसुद्धा नाही. माय गेल्यावरही एकटेच राहिले. शेजारची चुलती भाकरी द्यायची. "परभणीला चला" म्हटलं की म्हणायचे, "तिथं मला काय दिसतंय? हितं सगळं दिसतंय."

पण एका पावसाळ्यात माळवद खचलं. तुळई वाकली. मी जाऊन पाहिलं, माझा धंदाच तो, एका नजरेत कळलं की हे टिकत नाही. आण्णाच म्हणाले, "पडून कुणाच्या डोक्यात बसण्यापरीस पाडलेलं बरं." पाऊस उघडल्यावर घर उतरवलं आणि त्यांना परभणीला आणलं.

पहिल्या आठवड्यात ते टेबलाच्या कोपऱ्यावर आदळले आणि खुर्चीसकट पडले. हाड मोडलं नाही, पण माणूस मोडला. त्यानंतर खाटेवरून उठायलाच तयार नाहीत. जेवण खाटेवर, चहा खाटेवर. मी सकाळी पाया पडायला गेलो की एकच विचारायचे.

"बाळू, या घराचं मधलं कुठं हाय रं?"

"मधलं म्हंजे?"

"मधलं म्हंजे मधलं. खुटी कुठं रवली व्हती?"

"आण्णा, आता खुंटी नसती. आता लेझरनं लाइन मारतात."

ते म्हणायचे, "मंग मधलं कुणी ठरिवलं?"

मी चिडायचो. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले, म्हणाले तब्येत ठणठणीत आहे, पण हे असेच पडून राहिले तर थोड्या दिवसांत पायांतलं बळ जाईल आणि मग कायमचं अंथरूण. मी धरून उठवायला गेलो तर हात झिडकारला. "कुठं जाऊ उठून? मला ताडकळसला नेऊन टाक." मी म्हटलं, "आण्णा, तिथं आता मोकळी जागा हाय." "म्हाईत हाय मला," म्हणाले आणि तोंड भिंतीकडं केलं. उभ्या आयुष्यात मला त्यांची पाठ अशी कधी दिसली नव्हती. मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि रडलो. बाप डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मी लोकांची घरं बांधत फिरत होतो.

टेबल काढायचं सुनंदानं, माझ्या बायकोनं सुचवलं. "ते मधलं मधलं करायलेत ना, मग देऊ या की त्यांना मधलं. एकदा टेबल काढून बगू."

"म्हणजे मी आता ब्रह्मस्थान मोकळं करू? सगळे वास्तुवाले हसतील मला."

"वास्तुवाल्यांचं राहू द्या हो. आण्णांसाठी काढा."

साइटवरचे चार गडी आणून टेबल मागच्या शेडमध्ये नेलं. पौषाचे दिवस, दुपारची वेळ. मी आण्णांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "मधलं मोकळं केलंय. चला दावतो." पहिल्यांदा ते उठून बसले. एका बाजूनं मी, एका बाजूनं सुनंदा. हॉलच्या मध्यावर आणून उभं केलं. ते तळवा फरशीवर घासत राहिले. पुढं, मागं, पुन्हा पुढं. मग उजवा पाय जरा पूर्वेला, जरा उत्तरेला सरकवला आणि थांबले.

"हे काय हितं. ऊन."

मी सुनंदाकडं पाहिलं. हॉलमध्ये ऊन नव्हतं. तिथं ऊन येऊच शकत नाही; खिडक्या उत्तरेला, पुढं व्हरांडा, वर दोन स्लॅब. मी हळूच म्हटलं, "आण्णा, इथं ऊन न्हाई."

"थंडीचं ऊन हाय. देवाच्या अंगानं जातंय जरा." आणि माझा हात सोडून दिला.

म्हटलं, झालं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांच्या समाधानासाठी खाली बसलो आणि फरशीला हात लावला.

फरशी ऊबदार होती.

ताटाएवढी जागा, बरोबर गोल. तिच्या बाहेर बोट नेलं की गार. उजेड अजिबात नाही, नुसती ऊब, उन्हात ठेवलेल्या पाटावर बसल्यावर लागते तशी. सुनंदानं हात लावला आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. आण्णा मात्र त्या जागेवर उभे राहून मला विचारतात, "अडीच-तीन वाजले असतील, न्हाई?" मी घड्याळ पाहिलं. पावणेतीन.

आता मी काय केलं ते ऐका, नाहीतर म्हणाल कंत्राटदार असून बावळट दिसतोय. मेन स्विच बंद केला. वायरिंग त्या बाजूनं नाहीच, तरी केला. सोलरची गरम पाण्याची लाइन दुसऱ्या भिंतीत आहे, ती बंद ठेवून पाहिली. फरशी ठोकून पाहिली, पोकळ आवाज नाही. वरच्या भाडेकरूला काहीतरी थाप मारून त्याची खाट सरकवायला लावली, तिथली फरशी गारढोण. खालून स्टुलावर चढून स्लॅबला हात लावला, तोही गार. करोनाच्या वेळेचं कपाळाला लावायचं ते थर्मामीटरचं पिस्तूल घरात पडलं होतं, ते फरशीवर रोखलं तर त्यावर नुसतं 'लो' उमटलं. सुनंदा म्हणाली, "फरशीला ताप आलाय का बगायलाव का?" आणि ती हसली, मग मीही हसलो, पण आतून दोघं हादरलो होतो.

आणि ती ऊब सरकायची! सकाळी पश्चिमेला सोफ्यापाशी, दुपारी मध्यावर, उतरत्या उन्हाला पूर्वेकडं. ढग आले की गायब. संक्रांतीनंतर ती हळूहळू मध्याकडं यायला लागली आणि मे महिन्यात बरोबर मध्यावर आली. ताडकळसच्या घरात यायची तशीच.

आण्णा चालायला लागले. आधी त्या जागेपर्यंत आणि परत, मग तिथून मोरी, तिथून देव्हारा, तिथून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सुनंदाशी गप्पा. "मधलं सापडलं ना पोरी, की बाकीचं घर पायाला आपोआप सापडतंय," तिला सांगायचे. दुपारी तिथंच चवाळं टाकून बसायचे आणि ताडकळसचा बाजार, बैल, पाहुणे, मेलेली-जिती माणसं, सगळ्यांच्या गोष्टी. मी मुद्दाम जेवायला घरी यायला लागलो. त्यांच्याजवळ खाली बसूनच जेवायचो. टेबलाची आठवणही कुणाला आली नाही. खरंच सांगतो, मायच्या मागं इतकं सुख आम्ही एकत्र कधी भोगलं नव्हतं.

जून लागला आणि एका सकाळी फरशी गार. बाहेर लख्ख ऊन, पावसाचा पत्ता नाही आणि ऊब गेलेली. वाटलं आता हे पुन्हा खाट धरणार. भीत भीत सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मिरीग लागला ना. तुझ्या मायनं घमेलं घातलं असंल."

त्या फुटक्या घमेल्याची मला कित्येक वर्षांत आठवणसुद्धा झाली नव्हती.

पाऊसकाळभर ते पाठ झालेल्या वाटेनं चालले, धडपडले नाहीत. आणि घटस्थापनेच्या आधी सुनंदानं दसरा काढला, सगळं घर धुऊन काढलं, त्या दिवशी दुपारी ऊब परत आली. आण्णांनी पाय ठेवला आणि वर तोंड करून हसले. मला पुन्हा आम्ही पोरं आठवलो, डोकी वर करून उभी.

असे काही पावसाळे आणि काही दसरे गेले. आण्णा श्रावणात गेले, सकाळी चहा पिऊन, बसल्या बसल्या. त्या वर्षी दसरा काढायच्या दिवशी मी साइटवर गेलो नाही. दिवसभर त्या जागेपाशी बसून राहिलो, दर थोड्या वेळानं हात लावत. फरशी गार होती. दुसऱ्या वर्षीही गार. मग मी बघणं सोडून दिलं. टेबल काही परत आणलं नाही. गिऱ्हाइकानं ब्रह्मस्थान काढलं की मी पूर्वीसारखाच मनात हसतो, पण तिथं खांब येत असेल तर सरकवून देतो, न सांगता.

हे सगळं इथंच संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

यंदाच्या उन्हाळ्यात मी दोनदा दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेतला. एकदा मोटारसायकलवर बाजूनं आलेली रिक्षा मला दिसलीच नाही, थोडक्यात वाचलो. सुनंदानं ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला आणि विचारलं, "वडिलांना काचबिंदू होता का?" पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. लवकर सापडलाय, थेंब नेमानं टाका, गेलेलं परत येत नाही पण असलेलं टिकतं, असं काहीतरी म्हणाले. मी घाबरलो. लय घाबरलो. साइटवर कुणाला सांगितलं नाही. घरात कुणी नसलं की डोळे मिटून चालून बघायचो. चार पावलांत भिंतीला धडकायचो. मला माझ्याच हातानं बांधलेलं घर सापडत नव्हतं.

परवा सुनंदानं दसरा काढला. दुपारी हॉल पुसला आणि फडकं पिळत उभी राहिली ती हलेचना.

"आवो... जरा इकडं या."

सगळी फरशी ओली होती, चकाकत होती. मधून जरा उत्तरेला ताटाएवढा एक गोल कोरडा झाला होता. आम्ही बघत असताना त्याची कड अगदी थोडी पूर्वेला सरकली.

सुनंदानं बादली बाजूला घेतली. "चप्पल काढा," एवढंच म्हणाली. मी चप्पल काढली, डोळे मिटले आणि ओल्या फरशीवरून चालत गेलो. या खेपेला कुठंही धडकलो नाही. तळव्याला ऊब लागली आणि थांबलो.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. स्लॅबमधून ऊन खाली येत नाही, हे माझ्याइतकं या जिल्ह्यात थोड्यांनाच माहीत असेल. हे ऊन मला धीर द्यायला आलंय की पुढच्या अंधाराची तयारी करून घ्यायला आलंय, तेही कळत नाही, आणि त्याची भीती वाटते. पण बरंही वाटतं. वाचकांपैकी कुणाला काही कळलं तर जरूर सांगा, हसलात तरी चालेल.

डोळ्यांत थेंब टाकतोय नेमानं. ते झालं की अनवाणी त्या जागेवर जाऊन उभा राहतो आणि वर तोंड करून, सुनंदाला ऐकू गेलं तरी हरकत नाही अशा आवाजात, रोज एकदा सांगतो, "माय, मला अजून दिसायलंय."